मोठीचा टाक

नव्या गाडीतला केशरी दिवा का लुकलुकतो, हे अख्ख्या घरात एकट्या वाल्मीकला ठाऊक होतं. आणि "कंपनीचाच काहीतरी फॉल्ट आहे," असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणाराही तोच होता.

गाडी दसऱ्याला आली होती. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा. फुलं बाजारात न्यायला छोटा टेम्पो होताच, पण डेकोरेशनवाल्यांना भेटायला, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला वाल्मीकला गाडी हवी होती. त्याचा फोन दुपार झाली की मान टाकायचा. मग तिकडे मांडवात माणसं खोळंबायची आणि संध्याकाळी शिव्या वाल्मीकला बसायच्या. म्हणून त्याच्या बायकोने, सुवर्णाने, हट्ट करून वरचं मॉडेल घ्यायला लावलं. त्यात गिअरच्या पुढे एक काळी रबरी जागा होती. तिच्यावर फोन नुसता ठेवायचा. हिरवा दिवा लागतो, वायरबियर काही न लावता चार्जिंग सुरू होतं.

पण सुवर्णा शेजारी बसली की हिरवा दिवा लागतच नसे. केशरी लुकलुकायचा. फोन तापायचा आणि टक्के वाढायचे सोडून उतरायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा वाल्मीकलाही कारण कळलं नव्हतं. सुवर्णाने कप्प्यातून माहितीपुस्तिका काढली आणि मोठ्याने वाचलं. फोन मधोमध ठेवावा. जाड कव्हर नसावं. फोन आणि पॅड यांच्यामध्ये नाणं, कार्ड किंवा धातूची कोणतीही वस्तू नसावी. एवढं वाचून तिने मान वर केली.

"अहो, तुमच्या कव्हरात काही आहे का?"

"छे. काय असणार?"

हे उत्तर द्यायला त्याला विचारही करावा लागला नाही. आणि त्याच क्षणी त्याला कारण कळलं. कव्हरात आशा होती.

आशा म्हणजे वाल्मीकची पहिली बायको. डेंग्यूच्या तापात गेली. वाल्मीकने दुसरं लग्न केलं तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे तिचा टाक केला होता. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर उठावाची बाईची आकृती. पहिली गेली की तिचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, सणावाराला आधी तिला नैवेद्य दाखवायचा आणि तिला 'मोठी' म्हणायचं. म्हणजे मोठी रुसत नाही आणि धाकटीचा संसार सुखाचा होतो, असं वाल्मीकच्या आईचं, गोजराबाईंचं म्हणणं.

सुवर्णा पंचवटीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिने लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. "आशाताईंबद्दल माझ्या मनात काही नाही. पण गळ्यात घालणार नाही. मी माझ्या जागी येतेय, त्यांच्या नाही." गोजराबाईंनी कपाळावर हात मारला आणि निकाल दिला, "गळ्यात नाय तर घरात बी नाय. तिचा जीव घुटमळंल. वाल्मीक, सोडून ये गंगेत."

इकडे गंगा म्हणजे गोदावरीच. वाल्मीक तिथे गेला. पायरीवर उभा राहिला. हात पाण्यावर धरला. आणि मूठ उघडेना. गंमत म्हणजे कोणी त्याला धरलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. बराच वेळ उभा राहून तो घरी आला आणि म्हणाला, "सोडला."

हे त्याचं पहिलं खोटं. पुढची सगळी खोटी याच एकाला सांभाळायला बोलावी लागली.

टाक ठेवायचा कुठे? मळ्यातल्या घरात पुरुषाच्या मालकीचा एकही कोपरा नसतो. कपाट सुवर्णाचं, माळा आईचा, पाकिटात दोघींचेही हात. एकदा त्याने शर्टाच्या खिशात ठेवला तर फुलबाजारात वाकताना पडला. बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांसमोर हा माणूस झेंडूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत बसला होता. सापडला तेव्हा रडायचाच बाकी होता. त्या दिवसापासून टाक फोनच्या कव्हरात गेला. फोन काही त्याच्यापासून सुटत नव्हता.

एकटा असला की तो कव्हर काढायचा, टाक समोर स्पीडच्या काट्यांपाशी टेकवून ठेवायचा आणि फोन पॅडवर. हिरवा दिवा लागायचा. गंगापूर रोडने जाताना कधीकधी तो तिच्याशी बोलायचाही. यंदा गुलाबावर भुरी पडलीय, फार फवारे मारावे लागतात, असलं काहीतरी. सुवर्णा गाडीत बसायची म्हटलं की टाक परत कव्हरात. आणि केशरी दिवा.

इथपर्यंत फार बिघडलं नव्हतं. वायर लावून काम भागत होतं. पण एका संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडताना सुवर्णा सहज म्हणाली, "गंमतच आहे. हे एकटे फिरून आले की फोन भरलेला असतो. मी बसले की बंद. गाडीला मीच नको वाटतं."

ती हसली. गोजराबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"गाडीला नाय गं. मोठीला."

"काय आई, काहीतरीच."

"काहीतरीच कसं? तिला मान दिला का तू? गळ्यात घाल म्हटलं तर नाय म्हणालीस. आता ती नवऱ्याशेजारी तुला बसू देत नाय. तिचा ताप कसा व्हता, हात लावला तर चटका बसायचा. तसाच तापतो का नाय त्यो फोन?"

वाल्मीक तिथेच बसला होता. त्याने काय करावं? त्याने नळ चालू केला आणि आधीच धुतलेले पाय पुन्हा धुतले.

सुवर्णाला दिवस गेले होते. एरवी तिने सासूचं बोलणं हसून सोडून दिलं असतं, आणि त्या दिवशी सोडलंही. पण पोटात जीव असताना बाई किती गोष्टी खरंच सोडू शकते? चार दिवसांनी गोजराबाईंनी हीच गोष्ट शेजारच्या मंगलाबाईंना सांगितली, मंगलाबाईंनी हळदीकुंकवात सांगितली, आणि सुवर्णा ओटीवरून जाऊ लागली की बायका तिच्या गळ्याकडे बघू लागल्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "नीट आहे ना गं सगळं? नाही, मोठी रुसलीय म्हणतात."

त्यानंतर सुवर्णा गाडीत बसली की आधी दिव्याकडे बघायची. केशरी लागला की नकळत पोटावर हात ठेवायची. वाल्मीक हे बघायचा. त्याला शरम वाटायची, आणि तरी तो म्हणायचा, "कंपनीचा फॉल्ट आहे गं." आज सांगू, उद्या सांगू करत तो वेळ मारून नेत होता. सांगायला गेलं की एकच गोष्ट सांगून भागत नव्हतं ना. टाक सोडला नाही, वर्षभर खोटं बोललो, पुस्तिका वाचून विचारलंस तेव्हाही खोटं बोललो, आई बोलत होती तेव्हा गप्प बसलो. एवढी मोठी माळ गळ्यात घालून बायकोसमोर उभं राहायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. भित्रा माणूस वाईट नसतो असं म्हणतात. वाल्मीकच्या बाबतीत मला तसं म्हणवत नाही.

शेवटी सुवर्णाच म्हणाली, "सर्व्हिस सेंटरला चला. मशीन आहे, मशीनचं कारण मशीनमध्येच असणार. मला एकदा ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय."

निघताना गोजराबाईंनी तिच्या हातात एक पिशवी दिली. आत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या होत्या. "तिथं काय निघालं नाय, तर येताना गंगेवर मोठीची ओटी भर. पाया पड. पायरीवर जपून." सुवर्णाने पिशवी मुकाट्याने घेतली. एरवी ती घेणारी बाई नव्हे. वाल्मीकला त्या पिशवीकडे बघवेना.

सातपूरच्या पुढे सर्व्हिस सेंटर होतं. सुनील नावाचा मेकॅनिक गाडीत बसला. त्याने आधी सेंटरचा फोन पॅडवर ठेवला. हिरवा.

"आता मी बसते," सुवर्णा म्हणाली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. श्वास रोखून तिने दिव्याकडे पाहिलं. हिरवाच होता.

"मॅडम बसल्यावर काय होणार आहे?" सुनीलने विचारलं. सुवर्णाने पदर सावरला.

"सर, तुमचा फोन द्या."

वाल्मीकने दिला. द्यावा लागला. फोन पॅडवर ठेवताच केशरी दिवा लुकलुकायला लागला. सुवर्णाचा हात पोटावर गेला. सुनीलने फोन उचलला, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तापलाय. कव्हरात काही आहे का सर? नाणं, कार्ड?"

"नाही, नाही. काही नाही." वाल्मीकने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. "मी जरा बाथरूमला जाऊन येतो."

फोन घेऊन बाथरूमला जाणारा माणूस नवा नाही, पण एवढ्या घाईने जाणारा विरळाच. आत कडी लावून त्याने कव्हर उघडलं. टाक हाताला गरम लागला. कव्हराच्या आतल्या बाजूला त्या आकाराचा पिवळट डाग पडला होता. शेवटच्या दिवसांत आशा त्याचा हात स्वतःच्या कपाळावर ठेवून म्हणायची, "बघा ना, किती तापलंय." तो कमोडच्या झाकणावर बसला आणि त्याला स्वतःची किळस आली. बायकोची आठवण जपणारा मोठा माणूस, आणि तिला घेऊन बसलाय कुठे.

टाक शर्टाच्या खिशात घालून, बटण लावून तो बाहेर आला. फोन पॅडवर ठेवला. हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"हे बघा, होतंय की," वाल्मीक म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

सुनीलने फोनकडे पाहिलं. घाईत कव्हराचा एक कोपरा नीट बसला नव्हता. मग त्याने वाल्मीकच्या खिशाकडे पाहिलं, आणि सुवर्णाकडे वळून शांतपणे म्हणाला, "मॅडम, गाडीत काही दोष नाही. फोन थोडा सरकत असेल. मधोमध ठेवत जा, एवढंच."

"म्हणजे मी बसण्याशी काही संबंध नाही?"

"तुमचा काय संबंध मॅडम? कोणीही बसा."

सुवर्णाने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली. इतक्या दिवसांत ती असं हसली नव्हती. कोणा अनोळखी मेकॅनिकने तिला दोन वाक्यांत सोडवलं होतं, आणि घरातला माणूस इतके दिवस बघत बसला होता.

गाडी बाहेर काढताना सुनील वाल्मीकच्या खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, कोणाचा फोटोबिटो असेल तर कागदाचा ठेवा. त्याने चार्जिंग थांबत नाही." आणि डोळा मारला. त्याला वाटलं, साहेबांचं बाहेर काहीतरी आहे. त्याने सांभाळून घेतलं होतं, पुरुष पुरुषाला घेतात तसं. वाल्मीकच्या कानशिलांत आग पेटली. नाही रे, तसलं काही नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण जे होतं ते त्याहून बरं होतं का?

रस्त्याला लागल्यावर वाल्मीकला वाटलं, सुटलो. टाक आता कव्हरात ठेवायचाच नाही. दिवा हिरवा राहील, आई गप्प बसेल, हळूहळू सगळे विसरतील. कोणाला काही सांगायची गरजच नाही. माणसाला शरम वाटत असली तरी पळवाट दिसली की पाय आधी तिकडे वळतात. त्याने रेडिओसुद्धा लावला.

"अहो, गंगेवर घ्या," सुवर्णा म्हणाली.

"आता कशाला? गाडी तर नीट आहे."

"म्हणूनच. सकाळी घाबरून पिशवी घेतली होती. आता भीती नाही. पण इतके दिवस त्या बिचारीबद्दल मी मनात काय काय आणलं. रात्री झोप लागायची नाही तेव्हा तिला वाईट बोलले. मेलेल्या बाईला. तिचा काय दोष होता? एकदा तिची ओटी भरते आणि माफी मागते."

वाल्मीकने रेडिओ बंद केला.

रामकुंडापाशी दुपारची गर्दी होती. कोणी दशक्रिया करत होतं, पोरं पाण्यात उड्या मारत होती, भाजीच्या पाट्या घेऊन बायका पलीकडे निघाल्या होत्या. सुवर्णा पायऱ्या उतरून थांबली.

"कुठे सोडलात तुम्ही?"

त्याने हात केला. नक्की कुठे केला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुवर्णाने साडी सावरली, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राहिली. तिने बांगड्या पाण्यात सोडल्या, मग तांदूळ, मग खण. नारळ दोन्ही हातांत धरून ती बोलू लागली. ती हळू बोलत होती, पण तो तिच्या मागेच उभा होता.

"आशाताई, मी तुम्हाला गळ्यात घातलं नाही, त्याचा राग धरू नका. तुम्हाला हाकलायचं म्हणून नाही म्हटलं नव्हतं. तुम्हाला इथे पाण्यात सोडलं, हे माझ्यामुळे झालं. एकट्या राहिलात. माझं चुकलं असेल तर माझ्यावर ठेवा, माझ्या बाळावर—"

"सुवर्णा, थांब."

तिने वळून पाहिलं. वाल्मीकचा हात खिशाच्या बटणाशी झटत होता. बटण निघेना. शेवटी त्याने ते ओढून तोडलंच. टाक तळहातावर ठेवून त्याने हात पुढे केला.

सुवर्णा आधी टाकाकडे बघत राहिली. मग त्याच्या शर्टाच्या उघड्या खिशाकडे. मग गाडी लावली होती त्या दिशेला. रक्ताच्या थेंबातून आजार ओळखणारी बाई ती, तिला फार वेळ लागला नाही.

"कव्हरात?"

त्याने मान हलवली.

"मी पुस्तिका वाचून विचारलं होतं. तेव्हाही?"

"हो."

"मी दिव्याकडे बघून पोटावर हात ठेवायचे. दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"आणि एकटे असलात की?"

"बाहेर काढून ठेवायचो. समोर." आता खोटं बोलायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं. "तुझ्यासमोर लपवायचो. मला वाटलं तुला चालणार नाही."

"मला देव्हाऱ्यात चालला असता. रोज फूल वाहिलं असतं, घरचंच तर आहे. मी फक्त गळ्यात नको म्हटलं होतं." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "विचारलंत का कधी?"

नाही. त्याने विचारलं नव्हतं. एका बाईला चोरून ठेवलं होतं आणि दुसरीला चोर ठरू दिलं होतं. दोघींपैकी कोणालाही त्याने काहीच विचारलं नव्हतं. शेजारी दशक्रियेला बसलेला म्हातारा मान वळवून बघत होता. वाल्मीकला वाटलं, घाटावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय, आणि बघावंच त्यांनी.

सुवर्णाने टाक उचलला. पदराने पुसला. अजून किंचित कोमट होता, त्याच्या अंगाच्या उबेने असेल. तिने अंगठ्याने त्या आकृतीच्या कपाळावर थोडं कुंकू लावलं. नारळ पाण्यात न सोडता पिशवीत परत ठेवला.

"ही माझ्याकडे राहील. तुमच्याकडे नको," ती म्हणाली. "तुमच्याकडे हिला नुसते चटके बसले. चावी द्या."

गाडी तिने चालवायला घेतली. टाक तिच्या पर्समध्ये होता आणि पर्स तिच्या मांडीवर. वाल्मीक तिच्या नेहमीच्या सीटवर बसला. फोन पॅडवर होता, दिवा हिरवा. पूल ओलांडून गाडी मखमलाबाद रस्त्याला लागली. मग फोन वाजला आणि गोजराबाईंचा आवाज गाडीभर झाला.

"काय रं, झाली का गाडी नीट? का तिथं बी तीच गत? भरली का ओटी तिनं? पाया पड म्हणावं मोठीच्या, तिच्या हट्टापायी समदं—"

सुवर्णाची नजर रस्त्यावर होती. "सांगा," ती म्हणाली.

'बॅटरी संपत आलीय आई, नंतर बोलतो.' हे वाक्य वाल्मीकच्या जिभेवर आलंच होतं. वर्षानुवर्षं त्याने त्यावरच निभावलं होतं. पण दिवा हिरवा होता आणि फोन जवळजवळ भरला होता.

"आई, मोठी रुसली नव्हती. टाक मी गंगेत सोडलाच नव्हता. फोनच्या कव्हरात ठेवला होता, म्हणून चार्जिंग बंद पडायचं. सुवर्णाचा काही दोष नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. तू बोलायचीस तेव्हाही."

पलीकडून मळ्यातला पाण्याचा पंप तेवढा ऐकू येत होता.

"ती ऐकती हाय का?" गोजराबाईंनी विचारलं.

"हो. गाडी चालवतेय."

"पोरी," त्या म्हणाल्या. "मी चार बायांत बोलले गं तुला. आता कोणत्या तोंडानं..."

"मी घेऊन येतेय त्यांना," सुवर्णा म्हणाली. "देव्हाऱ्यात जागा करून ठेवा आई. आणि त्या बायकांना बोलवा. यांनी आत्ता तुम्हाला जे सांगितलं, ते त्यांनाही सांगतील. हेच सांगतील."

"बोलावते," गोजराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घर येईपर्यंत वाल्मीक दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. फोन पूर्ण भरला होता. उचलून खिशात ठेवायला मात्र त्याचा हात पुढे झाला नाही.